पुण्यात कॉट बेसिसवर राहून कमी पैशात नीट जेवायचं कसं

मी लातूर जिल्ह्यातली. लातूर म्हणजे तुरीची बाजारपेठ, डाळ मिलांचं गाव. आमच्या घरात तुरीचं पोतं कोपऱ्यात नाही असं वर्ष मला आठवत नाही. आणि पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला आले, तर वर्षभरात आजारी पडले ती पोटात डाळ न गेल्यामुळे.

सदाशिव पेठेत एका खोलीत आम्ही चौघी, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीचं नाही, एकेका खाटेचं भाडं. मेस महिन्याला ३,२०० रुपये, दोन वेळची. वरणातली डाळ तळाशी असते म्हणतात. आमच्या मेसच्या पातेल्याचा तळ मला कधी दिसला नाही. बटाटा, कोबी, परत बटाटा. मधल्या वेळी चहा, बिस्किटं, वडापाव. आठ-दहा महिन्यांनी जिना चढताना धाप लागायला लागली, दुपारी अभ्यासिकेत पुस्तकावर मान पडायला लागली, कंगव्यात केसांचा पुंजका. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.४. बाईचं १२ च्या वर हवं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोळ्या देते, त्या घ्यायच्याच. पण दिवसभर काय खातेस ते सांग आधी." मी सांगत गेले आणि सांगता सांगता मलाच लाज वाटायला लागली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. म्हणजे मी काही जगावेगळी नव्हते. पण ते पैशांमुळेच झालं, असं मी जे समजत होते ते खोटं होतं. बाहेरचं धरून मी महिन्याला पाच हजारांच्या आसपास खाण्यावर घालवत होते. आज त्याहून बऱ्याच कमी पैशांत जेवते आणि चांगलं जेवते. ते कसं, ते क्रमानं सांगते. नव्यानं शहरात आलेल्या, एकट्यानं राहणाऱ्या, जेमतेम पैसे असलेल्या कुणालाही हे चालेल. मुलांनो, तुम्हालाही. भाकरी थापल्यानं हात झिजत नाहीत.

१. आधी आठ दिवस फक्त लिहा

पहिल्या आठवड्यात काहीच बदलू नका. वहीच्या मागच्या पानावर, तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट आणि तिचे पैसे लिहा. दहाचा चहासुद्धा. मैत्रिणीनं पाजलेला चहाही लिहा, कारण परवा तुम्ही तिला पाजणार आहात.

माझ्या वहीत निघालं ते असं: आठवड्याचे २३ चहा, ६ वडापाव, ४ बिस्किटपुडे, रविवारी मेसला सुट्टी म्हणून संध्याकाळी बाहेर एक थाळी किंवा चायनीज. यातले बरेच चहा भुकेचे होते, चहाच्या तलफेचे नव्हते. सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला भूक लागते आणि हाताशी काही नसतं, म्हणून टपरी. या दोन वेळांची सोय झाली की निम्मी गळती थांबते. डब्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि गुळाचा खडा. बस.

२. खोलीत चूल मांडण्याआधी

घरमालकाशी आधी बोला. अनेक जण खोलीत स्वयंपाक करू देत नाहीत. काही इंडक्शनला नाही म्हणतात पण लाइट बिलात दोनशे-तीनशे जास्त देतो म्हटलं की ऐकतात. चोरून इंडक्शन वापरू नका. आमच्या आधीच्या खोलीत एकीनं साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावलं आणि बोर्ड वितळला. इंडक्शनला मोठ्या पिनचा, १६ अँपिअरचा पॉइंटच लागतो.

गॅस घ्यायचा असेल तर कंपनीच्या एजन्सीतून ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या. इंडियन ऑइलचा 'छोटू' म्हणून ओळखला जातो. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. म्हणून तर तो आपल्यासारख्यांच्या सोयीचा. गल्लीत मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणारे असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. तो धंदा बेकायदा आहे आणि तुम्ही ज्या खोलीत झोपता तिथंच तो बाँब ठेवला जाणार असतो.

लागणारं सामान एवढंच:

– तीन लिटरचा स्टीलचा कुकर, आत दोन डबे बसतील असा. इंडक्शन असेल तर बुडाला इंडक्शन बेस आहे का ते बघून घ्या. साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. माझे पहिले सातशे रुपये असेच गेले.
– लोखंडी तवा आणि लहान लोखंडी कढई. जुन्या बाजारात स्वस्त मिळते. लोखंडात शिजवलेल्या भाजीत थोडं लोह उतरतं, आंबट असेल तर जास्त.
– परात, विळी किंवा सुरी, पळी, दोन ताटल्या, दोन वाट्या.
– झाकणाचे पाच-सहा डबे. पुण्यात उंदीर प्लॅस्टिकच्या पिशव्या कुरतडतात.
– मोड काढायला एक स्वच्छ सुती फडकं.

वाटी एकच ठरवा आणि सगळं तिनं मोजा. एकट्याच्या स्वयंपाकात अन्न वाया जातं ते अंदाज चुकल्यानं.

३. रेशनवर तुमचं नाव आहे का, ते घरी विचारा

हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. घरच्या शिधापत्रिकेवर तुमचं नाव असेल, आणि ती प्राधान्य कुटुंब किंवा अंत्योदय गटातली असेल, तर 'एक देश एक रेशन कार्ड' या सोयीमुळे पुण्यातल्या रेशन दुकानातही धान्य मिळतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. अंत्योदयाचं मात्र माणशी नसतं, अख्ख्या कुटुंबाला ३५ किलो असतं.

काय लागतं: शिधापत्रिकेचा १२ अंकी क्रमांक (घरून फोटो मागवा, पुस्तक आणायची गरज नाही), तुमचा आधार क्रमांक त्या कार्डाला जोडलेला असणं, आणि ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) झालेलं असणं. दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा लागतो.

इथं एक मोठा घोळ होतो. तुम्ही इकडे अंगठा दिला आणि दुकानदारानं सगळ्या घराचं धान्य एकदम उचललं, तर तिकडे आईला दुकानातून रिकाम्या हातानं परत यावं लागतं. म्हणून घरी आधी फोन करा, कोण किती उचलणार ते ठरवा, आणि दुकानदाराला 'फक्त माझ्या वाटणीचं' असं स्पष्ट सांगा. टाळाटाळ झाली तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते. मी एकदा नुसतं त्याचं नाव काढलं, तेवढ्यावर भागलं.

५ किलो धान्य आलं म्हणजे महिन्याचं दोन तृतीयांश झालंच. उरले पैसे डाळीला आणि भाजीला. सगळी गंमत त्या दोन गोष्टींत आहे.

४. किराण्याची यादी, मापासकट

"थोडं थोडं सगळं आणू" म्हणून किराणा भरला की पंधराव्या दिवशी डाळ संपते आणि साबुदाणा उरतो. मी माप घेतलं ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतून. दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटात त्यांनी धरलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, शेंगदाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, तेल-तूप २७ ग्रॅम. याला तीसनं गुणलं की महिन्याची यादी तयार.

माझी यादी आणि मी भरलेले साधारण पैसे (तुमच्या दुकानात थोडं मागेपुढे होईल):

– ज्वारी ४ किलो, गहू २ किलो, तांदूळ दीड किलो: ३६०. रेशन असेल तर यातलं बरंच वाचतं.
– डाळी-कडधान्यं अडीच किलो: तूर अर्धा, मसूर अर्धा, मूग अर्धा, मटकी अर्धा, बेसन पाव, सोया वड्या पाव. मिळून २९०.
– शेंगदाणे १ किलो: १४०.
– तेल १ लिटर: १५०. एकट्या माणसाला महिन्याला एवढं बास होतं. दुसरी पिशवी आणावी लागली तर तळण जास्त होतंय असं समजा.
– गूळ, मीठ, तिखट, हळद, मोहरी-जिरं, दळणाचे पैसे: १८०.
– दूध, एक दिवसाआड अर्धा लिटर: ४५०. त्यातल्या निम्म्याचं दही.
– अंडी ३०: २१०.
– भाजी १२ किलो: ४८०.
– फळं ३ किलो: १५०.
– गॅस किंवा लाइट: २५०.

बेरीज २,६६०. मार्गदर्शिकेपेक्षा दूध माझं थोडं कमी भरतं, त्याची भरपाई अंड्यांत होते. अंडी खात नसाल तर ते २१० रुपये दुधात आणि वड्यांत घाला.

ज्वारीबद्दल एक. दगडी, मालदांडी हे शब्द ऐकून महागाच्या मागे जाऊ नका, आणि तयार पिठाची पिशवीही घेऊ नका. ज्वारी घ्या आणि आठ-दहा दिवसांपुरतीच दळा. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा फाटतात आणि नवशिक्याला वाटतं आपल्याला जमत नाही. विरी गेलीच तर उकळतं पाणी घालून पीठ मळा. बाजरीचं पीठ तर आठवड्यात कडू लागतं. आणि पहिल्या दहा भाकऱ्या नकाशासारख्याच होतात. माझ्या आईला फोटो पाठवला तर तिनं विचारलं, "हा कुठला जिल्हा?"

५. डाळीचा हिशेब

प्रथिनं लागतात किती? वजनाच्या दर किलोला रोज ०.८३ ग्रॅम. ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या माणसाला ५४. वरच्या यादीतून एका दिवसात काय मिळतं बघा: धान्यातून २५ च्या आसपास, डाळीतून १९-२०, शेंगदाण्यांतून ८, पाव लिटर दुधातून ८, एका अंड्यातून ६. साठच्या पुढे गेलं. कुठं पावडरचा डबा लागला?

आता हे पैशांत मोजा. १० ग्रॅम प्रथिनांना मला पडतात ते असे: सोया वड्या अडीच रुपये, मसूर चार, शेंगदाणे साडेपाच, तूर साडेसहा, अंडं अकरा, पनीर बावीस. आमच्या शेजारच्या खोलीतला मुलगा जिमसाठी पावडर आणायचा, तिचे तीसच्या वर होते. हिशेब दाखवला तर म्हणाला, "पण डाळीनं बॉडी होत नाही." बैल काय खातो, असं मी विचारलं नाही.

सोया वड्या स्वस्त म्हणून रोज खाल तर महिन्यात तोंड फिरवाल. आठवड्यात दोनदा पुरे. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाका, घट्ट पिळा, पाणी फेका, मग कांदा-टोमॅटोत परता. पिळायचा कंटाळा केला तर सगळ्या रश्शाला वास येतो.

डाळीतल्या प्रथिनांत एक घटक कमी असतो आणि धान्यातल्या प्रथिनांत दुसरा. दोन्ही एका दिवसात खाल्ले की भर निघते. वरण-भात, भाकरी-पिठलं, मुगाची खिचडी, चकोल्या, आज्ज्यांनी हे कुठलंही पुस्तक न वाचता जमवून ठेवलंय. फक्त प्रमाण सांभाळा. पुण्यात आल्यावर आपण भात वाढवतो आणि वरण पातळ करतो. मी उलट केलं. खिचडीला एक वाटी तांदळाला एक वाटी मूगडाळ. आई म्हणाली हे काय भलतंच, पण पोटाला चार तास आधार राहतो.

महिनाअखेर पैसे संपले की पिठलं. पन्नास ग्रॅम बेसनात ११ ग्रॅम प्रथिनं येतात आणि दहा मिनिटांत होतं. घरून हुलग्याचं पीठ आलं असेल तर शेंगोळे करा, कोकणातल्या मुलांकडे कुळथाची पिठी असतेच. धान्य तेच, नावं दोन. एसटीनं पार्सल येणार असेल तर चिवडा-लाडू मागवू नका, डाळ मागवा, येसर (आमटीला लावायचं भाजक्या धान्याचं मसाल्याचं पीठ) मागवा, जवसाची आणि कारळाची चटणी मागवा. चटण्या महिनाभर टिकतात आणि भाकरीला दुसरं काही लागत नाही.

मांसाहार करत असाल तर मटणाच्या नादी लागू नका. कोंबडीची कलेजी चिकनपेक्षा स्वस्त असते आणि लोहासाठी तिच्यासारखं काही नाही. आठवड्यातून एकदा पावशेर पुष्कळ. सुकट मूठभर टाकली की वांग्याचं कालवण होतं. फक्त खोलीतल्या बाकीच्यांना आधी विचारा. आमच्याकडे यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं.

६. भाजी: काय, कुठून, केव्हा

कोपऱ्यावरची गाडी सोयीची पण महाग. चालत जाता येत असेल तर महात्मा फुले मंडई, किंवा आपल्या भागात भरणारा शेतकरी आठवडे बाजार. गुलटेकडीचं मार्केट यार्ड स्वस्त असतं, पण तिथं एकट्यासाठी जाऊ नका. चार खोल्यांनी मिळून एकाला पाठवलं तरच परवडतं, नाहीतर रिक्षात पैसे जातात आणि सात किलो टोमॅटो खोलीत सडतात. हे मी करून बसलेय.

वेळ संध्याकाळची, बाजार उठायच्या अर्धा तास आधीची. पालेभाजी दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, म्हणून तेव्हा दहाला एक असलेली जुडी दहाला दोन होते. वाट्यावर विकणाऱ्या मावशींकडून घ्या. मावशींशी दोन रुपयांसाठी घासाघीस करत बसू नका, त्यापेक्षा दर वेळी त्याच मावशींकडे जा. महिन्याभरात कढीपत्ता, कोथिंबीर आपोआप पिशवीत पडायला लागते.

नावं पाठ करून जा, कारण पुण्यात नवी आलेली मुलं मेथी आणि पालक यापलीकडे बघत नाहीत. राजगिरा, तांदुळजा, चाकवत, आंबट चुका, शेपू, घोळ, करडई, माठ. मेथी महाग असते तेव्हा यातली एखादी हमखास स्वस्त असते. शेवग्याचा पाला तर बऱ्याचदा फुकट मिळतो. आमच्या इमारतीच्या मागेच झाड होतं आणि वर्षभर मी त्याच्या खालून जाऊन बिस्किटपुडा आणत होते.

राजगिरा, चाकवत, चुका असं जे असेल ते मूठ मूठ घेऊन त्यात तूरडाळ आणि दाणे टाकून गरगट्टं करा. एका कुकरात डाळ आणि पाला दोन्ही झाले.

फ्रीज नसतो, म्हणून पालेभाजी दोन दिवसांचीच आणा. आणल्या आणल्या निवडा, कोरड्या फडक्यात गुंडाळा, धुवायची चिरताना. आठवडा काढायला लाल भोपळा, दुधी, कोबी, गाजर.

आता लोहाबद्दल जे मला उशिरा कळलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (ICMR) २०२० च्या शिफारशीत बाईला रोज २९ मिलीग्रॅम लोह सांगितलंय, पुरुषाला १९. पाल्यातलं आणि डाळीतलं लोह शरीर फार थोडं उचलतं. लिंबू पिळलं की जास्त उचलतं, जेवणाबरोबर चहा घेतला की आणखी कमी. मी रोज जेवल्या जेवल्या चहा प्यायचे. तो तासभर पुढे ढकलला, जेवताना अर्धं लिंबू घेतलं, हिवाळ्यात आवळा. खर्च दोन-तीन रुपये. मटकीला मोड आणले की त्यात क जीवनसत्त्व तयार होतं, तेही कामी येतं.

बीट लाल असतं म्हणून रक्त वाढत नाही. त्यात लोह अगदी थोडं असतं. गुळातही आपण समजतो तेवढं नसतं. खडाभर गुळातून किती येणार? साखरेपेक्षा बरा, इतकंच. हळीव, तीळ, बाजरी, राजगिऱ्याचा पाला यांवर भर द्या. आणि हिमोग्लोबिन माझ्यासारखं नऊवर आलं असेल तर नुसत्या भाजीनं ते लवकर वर येत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण घ्या. मी तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून सोडल्या होत्या, परत सुरुवातीपासून घ्याव्या लागल्या.

फळांत सफरचंद विसरा. पेरूत संत्र्यापेक्षा जास्त क जीवनसत्त्व असतं. केळी, पपई, हंगामात बोरं, कलिंगड.

७. एकटीचा स्वयंपाक दिवसातून एकदाच

दोन्ही वेळा शिजवायला बसलात तर पंधरा दिवसांत मेस परत लावाल. मी सकाळी सहा ते पावणेसात शिजवते. कुकरच्या खालच्या डब्यात डाळ-पाला, वरच्यात भात. शिट्ट्या होईपर्यंत दोन भाकऱ्या. डब्यात भाकरी-भाजी भरून अभ्यासिकेत. संध्याकाळी सकाळचंच वरण, त्याला लसणाची फोडणी, आणि एक अंडं किंवा दही.

रात्री झोपताना एक वाटी कडधान्य भिजत घालायचं, हे एकच काम विसरायचं नाही. सकाळी उपसून फडक्यात बांधलं की दुसऱ्या दिवशी मोड. उन्हाळ्यात लवकर येतात, थंडीत दीड दिवस घेतात. मोडाची उसळ शिजवूनच खा. पावसाळ्यात कच्चे मोड खाऊन आमच्यातल्या दोघी आडव्या झाल्या होत्या.

उन्हाळ्यात सकाळचा भात रात्रीपर्यंत ठेवू नका, आंबतो आणि पोट बिघडतं. भाकरी राहते. शिळ्या भाकरीचा काला, त्यात ताक, कांदा, दाण्याची चटणी. मे महिन्यात माझं रात्रीचं जेवण हेच.

दोघी-तिघी मिळून केलंत तर पैसे आणि वेळ दोन्ही वाचतं, पण भांडणं होतात ती भांडी घासण्यावरून. आधी वार ठरवा. किराण्याचे पैसे एक तारखेला डब्यात. "नंतर देते" चालू दिलं की डबाही जातो आणि मैत्रीणही.

८. शिजवणं शक्यच नसेल तर

मालक ऐकत नाही, परीक्षा तोंडावर आहे, किंवा नोकरीत बारा तास जातात. चालेल. मेस ठेवा, पण एकाच वेळची, आणि वाचलेल्या पैशांत न शिजवता खाता येणाऱ्या गोष्टी आणा: दही, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, केळी, काकडी, गाजर, टोमॅटो, लिंबू, घरची चटणी, सातूचं पीठ. उकडलेली अंडी बऱ्याच ठिकाणी गाडीवर मिळतात.

मेस बघताना पहिल्या दिवशीचं जेवण बघून ठरवू नका, तेव्हा पनीर असतं. मंगळवारी-बुधवारी पैसे देऊन एक जेवण जेवा. वरण पळीनं ढवळून बघा. उसळ आठवड्यात किती वेळा, पालेभाजी किती वेळा, ते तिथं आधीपासून जेवणाऱ्यांना विचारा, मालकाला नको. महिन्याचे पैसे एकदम देऊ नका, पंधरा दिवसांचे द्या. गावी गेलात तर खाडा धरतात का, आणि किती दिवस आधी सांगावं लागतं, हे बोलून घ्या. माझे दिवाळीतले बारा दिवस असेच बुडाले.

शासनाची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. तुमच्या जवळचं केंद्र चालू असेल तर तिथं जेवायला लाजू नका. दुपारीच मिळते आणि ताटं संपतात, म्हणून लवकर जा.

९. जिथं मी पडले ते खड्डे

उपवास. आठवड्यात दोन उपवास करून पैसे वाचतात असं मला वाटायचं. साबुदाणा नुसता स्टार्च, वर तळलेला बटाटा. उपवास धरायचाच तर भगर आणि दाण्याची आमटी, राजगिरा, दही.

पुड्यावरची अक्षरं. 'मल्टिग्रेन', 'आटा', 'डायजेस्टिव्ह' लिहिलेला बिस्किटपुडा उलटा करा आणि घटकांची यादी वाचा. जे सगळ्यात जास्त असतं ते पहिलं लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा मैदाच, आणि थोडं पुढे साखर, पामतेल.

दहाचे पुडे. तेल, शाम्पू, डाळ, काहीही छोट्या पुड्यात घेतलं की महाग पडतं. पण उलटंही खरं: एकट्या माणसानं पाच किलो डाळ घेतली की पावसाळ्यात तिला पोरकिडे लागतात. दोन महिन्यांचं घ्या, त्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला.

आणि रविवार. आठवडाभर नीट जेवून रविवारी चौघी मिळून बाहेर जायचो, एकेकीचे तीनशे जायचे. हे मी बंद करून पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात एवढी चिडचिड झाली की बुधवारी रात्रीच दोन प्लेट मंच्युरियन खाल्लं. आता महिन्यातला एक रविवार बाहेरचा, त्याचे पैसे एक तारखेलाच वेगळ्या पाकिटात. बाकीच्या रविवारी खोलीतच थालीपीठ लावतो, जिची पाळी असेल तिनं लोणी आणायचं.